दुधी पुलावर का थांबली

हैदराबादला जाऊन आलं की लोक तीन प्रश्न विचारतात. चारमिनार पाहिला का, मोती आणले का, आणि तिकडचं तिखट सोसलं का? माझी उत्तरं आहेत नाही, नाही आणि हो. गणपती उठले त्याच आठवड्यात मी गेले, पाच दिवस राहिले, आणि त्यातला बराच वेळ काचीगुड्यातल्या एका अंगणात सतरंजीवर मांडी घालून काढला. येताना नखांत काळं वंगण आणि दोन साड्यांना डिझेलचा वास घेऊन आले. साड्या तीनदा धुतल्या, वास अजून पुरता गेलेला नाही.

बोलावणं भावोजींचं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान. सगळी नोकरी हैदराबादच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. आयुष्यात त्यांनी मला आपणहून कधी फोन केलेला नाही. त्या दिवशी केला आणि म्हणाले, "नलू, तुझं गाडीचं लायसन चालू आहे ना? मग ये. अक्काला तुझी आठवण येऊ लागली." लायसन आणि आठवण यांचा संबंध मला कळला नाही, पण मी निवृत्त ग्रंथपाल आहे. मला पुण्यात रोज अडून बसावं असं काही काम नव्हतं. मी निघाले.

सोमवार, काचीगुडा

"किती वाळलीस गं! काय खायलीस की नाही तिकडं?" अक्काने दारातच विचारलं. लग्न होऊन हैदराबादला गेली तेव्हा ती आमच्या सदाशिव पेठी थाटात 'खातेस की नाही' म्हणत असे. शेहेचाळीस वर्षांत तिच्या मराठीचं असं मस्त लोणचं मुरलं आहे. हौ म्हणते, नक्को म्हणते, आणि मी हसले की म्हणते, "हस बाई, तुझ्या मराठीत मीठ कमी पडायलंय."

मीठ तिच्या स्वयंपाकातही भरपूर असतं आणि चिंच त्याहून जास्त. दुपारी पानात खट्टी दाळ, अंबाड्याची भाजी आणि तळलेल्या मिरच्या होत्या. आपल्याकडे आमटीत गुळाचा खडा टाकतात, आठवतं का, असं मी विचारलं. अक्का म्हणाली, "गोड खायचं तर खीर खावी. दाळीला कशाला फसवायचं?" डोळ्यांतून पाणी काढत मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर भावोजींनी मला अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथे दुधी उभी होती. दुधी म्हणजे त्यांची गाडी. मूळ रंग दुधी, म्हणून त्यांच्या मुलीने लहानपणी ठेवलेलं नाव. चौकोनी अंगाची, गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली जुनी गाडी. मीही लग्नानंतर असल्याच दांड्यावर गाडी शिकले होते. भावोजींनी ती एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली आणि तेव्हापासून तिला एकाही मिस्त्रीचा हात लागू दिला नाही. शाळेत मुलांना बेडूक उघडून दाखवायचे तसं तिला सुट्टीत उघडायचे आणि शाळा सुरू व्हायच्या आत पुन्हा शिवून ठेवायचे.

सहा महिने दुधी जागची हलली नव्हती. का, ते संध्याकाळी त्यांची मुलगी गौरी कुकटपल्लीहून ऑफिस सुटल्यावर आली तेव्हा कळलं.

"मावशी, तू प्लीज बाबांना एन्करेज नको करू," तिने पर्स ठेवता ठेवताच सुरू केलं. "होळीच्या आधी ही गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली. आई आत. मागून ट्रक आला असता तर? शुक्रवारी आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं इन्स्पेक्शन आहे. आमचं डील झालंय. स्वतःच्या इंजिनवर तिथे गेली आणि पास झाली तर ठेवा अजून पाच वर्षं. नाही तर सरळ भंगारात."

"मी तर झोपले होते," अक्का म्हणाली. "डोळा उघडला तर गाडी गप्प, मागं सगळी दुनिया हॉर्न वाजवायली."

"आणि ही पण कमी नाही," गौरी आईकडे बघून म्हणाली. "बंद पडायच्या आधी काही महिने गाडीत बसली की हिची कॉमेंट्री चालू. इकडे रिक्षा, तिकडे बस. बाबांचं टेन्शन अजून वाढायचं."

अक्का कुकरची शिट्टी मोजायला आत गेली. भावोजी खाली बघून नखातली धूळ काढत बसले. गौरीचा राग मला खोटा वाटला नाही. आई-वडील म्हातारे, आपण शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये एक न चालणारी गाडी. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. पण शेडमध्ये भावोजी ज्या तऱ्हेने दुधीच्या बॉनेटवरची धूळ तळहाताने पुसत होते ते पाहून माझं मन त्यांच्या बाजूने कधीच गेलं होतं.

मंगळवार, शेड

भावोजींची काम करायची रीत मी आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. नव्हे, माझ्यामुळे झाला.

सतरंजीवर ते वर्तमानपत्राचं एक पान पसरतात, अक्काने सकाळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलेलं. शेजारी परात. घरात दोन पराती आहेत, एक कणकेची आणि कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका असलेली दुधीची. ती चुकून स्वयंपाकघरात गेली तर अक्का घर डोक्यावर घेते. पूर्वी परातीत रॉकेल असायचं, आता ते मिळत नाही म्हणून डिझेल. गाडीतून काढलेला प्रत्येक स्क्रू डिझेलमध्ये धुवायचा, फडक्याने पुसायचा आणि कागदावर ठेवायचा. डावीकडून उजवीकडे, एका ओळीत, दोहोंमध्ये दोन बोटांचं अंतर सोडून.

"जे पहिलं निघालं ते डाव्या टोकाला," ते म्हणाले. "जोडताना उजवीकडून सुरू करायचं. ओळ मोडायची नाही. बस, एवढंच शास्त्र आहे. उरलेलं सगळं हमाली."

हमाली मी केली. टाकीतलं सहा महिन्यांचं पेट्रोल रबरी नळीने काढलं. त्याला रंग गुळाच्या पाण्याचा आणि वास जुन्या रंगाच्या डब्याचा होता. नळी तोंडाने ओढताना एक घोट माझ्या तोंडात गेला. मी दहा चुळा भरल्या, अक्काने मला उस्मानिया बिस्किटं दिली आणि दिवसभर माझ्या ढेकरांपासून काडीपेटी लांब ठेवा असं सगळ्यांना बजावलं. सगळे म्हणजे भावोजी आणि मांजर.

मग कार्बोरेटर काढला. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करून इंजिनाला पाजणारं ते भांडं. आत गाळ बसला होता. त्यातले पितळी जेट, म्हणजे बारीक भोकांच्या खिळ्यांसारखे तुकडे, भावोजींनी एकेक काढले. त्यांच्याकडे पाहात बसावं असं ते काम होतं. मान वर, नजर समोरच्या जास्वंदीकडे आणि बोटं खाली आपली आपण चाललेली. मला वाटलं, याला म्हणतात हातखंडा. दिवेलागणीपर्यंत कागदावर तीसेक वस्तूंची ओळ झाली. "उद्या सकाळी जोडू," म्हणून ते हात धुवायला गेले.

आता माझं दुखणं ऐका. पस्तीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात विषयवार, क्रमवार, उंचीवार पुस्तकं लावली. विखुरलेलं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो. त्या ओळीत लांब स्क्रूच्या शेजारी वायसर, त्याच्या शेजारी आखूड स्क्रू, मग पितळी जेट, पुन्हा लांब स्क्रू. मला ते बघवेना. भावोजी आंघोळीला गेले होते. मी अक्काच्या मसाल्याच्या जुन्या डब्यातल्या वाट्या आणल्या आणि सगळं लावून टाकलं. लांब स्क्रू एका वाटीत, आखूड दुसरीत, वायसर तिसरीत, जेट चौथीत, चपटे नट पाचवीत. कागद घडी घालून ठेवला. इतकं छान दिसत होतं की मी त्याचा फोटोसुद्धा काढला.

बुधवार, सकाळी शेड आणि दुपारी अफझलगंज

भावोजी सतरंजीवर येऊन बसले. मी मुद्दामच कागद पुन्हा पसरून त्यावर वाट्या वरच्या बाजूला मांडून ठेवल्या होत्या. कौतुकाची वाट पाहात होते. त्यांनी उजवा हात पुढे केला, तो थेट ओळीच्या उजव्या टोकाला गेला, आणि तिथे नुसता कागद होता. त्यांनी कागद थोपटला. एकदा, दोनदा, मग जरा अलीकडे, जरा पलीकडे. वाट्या त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, लख्ख उन्हात होत्या.

"नलू," ते हळू आवाजात म्हणाले, "इथलं सामान कुठं गेलं?"

"ह्या काय वाट्या समोर, भावोजी."

त्यांनी मान थोडी तिरकी केली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी, आणि डोळ्याच्या कडेने त्यांना वाट्या सापडल्या. एका वाटीतून त्यांनी एक जेट उचलला, बोटांत फिरवला आणि माझ्यापुढे धरला. "यावर बारीक आकडा आहे. वाच."

मी वाचला. मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं. जास्वंदीकडे नजर, चाचपणारी बोटं, अक्काकडून वाचून घेतलं जाणारं वर्तमानपत्र, लायसनची चौकशी. आंधळ्या माणसाची काठी उचलून मी कोपऱ्यात नीट लावून ठेवली होती.

"डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे," ते म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. जिथं बघायला जावं नेमकं तेवढं पुसून जातं. तुझं नाक दिसत नाही, कान दिसायलेत. चष्म्यानं जात नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू. अक्काला सांगू नको. गौरीला तर बिलकुल नको."

"आणि शुक्रवारी गाडी?"

"तू चालवायची. त्यासाठीच तर बोलावलं." ते जरा हसले. "तेवढी दुधी वाचव, नलू. मग मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. नुसतं उघडीन आणि जोडीन. त्याला डोळे लागत नाहीत, ओळ लागते."

मी रडले. रडण्याने स्क्रू जागेवर जात नाहीत, हे कळल्यावर डोळे पुसले. मग आम्ही दोघांनी दुपारच्या जेवणापर्यंत ती ओळ पुन्हा मांडली. ते एकेक स्क्रू बोटांत घेऊन लांबी जोखत, आटे नखाने मोजत आणि सांगत, "हा वरच्या झाकणाचा. हा चोकच्या तारेचा. हा... थांब, हा पण वरच्या झाकणाचाच." मी ठेवत गेले. दोन बोटांचं अंतर मी पट्टीने मोजल्यासारखं पाळलं. अक्का दोनदा चहा घेऊन आली, दोनदा त्यांच्या बोटांकडे बघत जरा उभी राहिली आणि गेली.

पेट्रोलचा पंपही उघडला होता. त्यातला रबरी पडदा कडक होऊन कडेला चिरला होता, म्हणून दुपारी आम्ही रिक्षाने अफझलगंजला गेलो. मागच्या गल्लीत करीमभाईंचं जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक माणूस बसेल एवढी जागा आणि त्याच्या चारी बाजूंना छतापर्यंत लोखंड. पुस्तकं अशी रचली असती तर मी राजीनामा दिला असता.

"सलाम माटसाब! परसोंच आये थे ना तुम?"

"चार साल हो गये, करीमभाई," भावोजी म्हणाले. माटसाब म्हणजे मास्तरसाहेब, आणि हैदराबादेत परसों म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस. पुण्यात आम्ही दुकानदाराला दुपारी एकनंतर ओळखही दाखवत नाही, तो आम्हाला दाखवत नाही. इथे पडदा मागण्याआधी चहा आला, माझी चौकशी झाली, माझ्या तब्येतीची झाली, पुण्याच्या पावसाची झाली. मग करीमभाईंनी चिरलेला पडदा उजेडात धरला.

"ये चल-चल के नै फटा माटसाब. खडे-खडे सुका सो है. चलती गाडी में ऐसा नै होता. गाडी को घर में बिठाके रखे क्या?"

"हौ," भावोजी म्हणाले. "बिठाके रखे."

"गुनाह क्या था बिचारी का?"

भावोजींनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. करीमभाईंनी लोखंडाच्या त्या डोंगरात हात घातला आणि न शोधता नेमका तोच पडदा बाहेर काढला. मला तेव्हा अंधुक वाटून गेलं की पडदा जर उभ्या उभ्या वाळला, तर होळीच्या आधी पुलावर गाडी बंद पडली कशाने? पण रिक्षात बसल्यावर मूसी नदीच्या पुलाजवळचा वास आला, मी नाकाला पदर लावला आणि तो विचार तिथेच राहिला.

गुरुवार, पुन्हा शेड

सकाळी सतरंजीवर वर्तमानपत्राऐवजी एक कापड पसरलेलं होतं. अक्काच्या जुन्या निळ्या सुती साडीची लांब पट्टी, आणि तिच्यावर एका ओळीत शिवलेले तीसेक लहान लहान खिसे, प्रत्येकात कालच्या ओळीतली एकेक वस्तू. काल संध्याकाळी मशीन खडखडत होतं, मला वाटलं उशीचे अभ्रे.

"ह्या बाईनं तुमचं सामान विस्कटलं ना, म्हणून शिवलं," अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आता कुणी हात लावला तरी ओळ मोडायची नाही." आणि ती डाळ निवडायला निघून गेली.

भावोजींनी कापडावरून हात फिरवला. प्रत्येक खिशाच्या तोंडाशी जाड दोऱ्याच्या गाठी होत्या. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, असं पाचापर्यंत. मग एक आडवा टाका आणि पुन्हा एकपासून. डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाला गाठी कशाला लागतात? मी भावोजींकडे पाहिलं. त्यांची बोटं तिसऱ्या खिशावर थांबली होती.

"तू सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"देवाशपथ नाही."

त्यांनी ती गाठ दोन-तीनदा चाचपली. "मग तिला काय, सहज सुचलं असेल," ते म्हणाले. माणसाला जे मानायचं नसतं त्यासाठी त्याच्याकडे कारण तयार असतं. मी पाना पुसत बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्या दिवशी काम सरसर झालं. भावोजी बोटांनी गाठी मोजत, खिशातून स्क्रू काढत, आणि मी पाना द्यायच्या आत त्यांचा हात पुढे आलेला असे. प्लग घासले, पॉइंटांवरून पॉलिश पेपर फिरवला, बॅटरी चार्ज करून आणली, चाकांत हवा भरली. संध्याकाळी चारला मी सीटवर बसले, चोक ओढला, किल्ली फिरवली. दुधी खोकली. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली. तिसऱ्या वेळी शेडमधली कबुतरं उडाली, धुराचा एक लोट निघाला आणि इंजिन धडधडायला लागलं.

भावोजी बॉनेटमध्ये वाकून, डोळे मिटून, स्क्रू पाव पाव फिरवत होते. धडधड कमी झाली, एकसारखी झाली, मग शिलाईचं मशीन चालावं तशी झाली. त्यांनी बाहेर येऊन सतरंजीवर बसकण मारली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आनंदाने. तो आनंद होताच. पण नुसता आनंद नव्हता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवार, आरटीओ आणि परतीचा पूल

गौरी रजा टाकून आली. मी स्टिअरिंगवर, भावोजी शेजारी, मागे गौरी आणि अक्का. जाताना आम्ही लांबच्या पण मोकळ्या रस्त्याने गेलो. हैदराबादेत गाडी चालवण्याविषयी मी एवढंच सांगते की पुण्यात लोक नियम मोडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तत्त्व असतं, इथे तसलं काही नसतं. समोरून उलटा येणारा माणूस हसून हात करतो. आपण रागवायचं विसरतो.

तपासणीला एक तरुण अधिकारी होता. त्याने नंबर ताडून पाहिले, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबून बघितला. मग इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, कोणत्या मेकॅनिकने केली? भावोजींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्या पोराने त्यांना नमस्कार केला आणि कागद पुढे सरकवला. "इथे सही, सर."

भावोजींनी मान तिरकी केली आणि सही केली. झोकदार, मास्तरांची सही. पण ती रेघेवर नव्हती. छापलेल्या तीन ओळींवरून तिरपी गेली होती. अधिकाऱ्याचं लक्ष शिक्क्याकडे होतं. गौरीचं सहीकडे होतं. गाडीत बसल्यावर तिने वडिलांचं अभिनंदन केलं, पण आवाज तिचा नव्हता.

परतताना ऊन चढलं होतं, गर्दी वाढली होती. पुलावर चढलो तशी मागून अक्का सुरू झाली. "डावीकडं रिक्षा आहे. समोर बस, बस थांबायली. उजवीकडं दोन स्कूटर."

"दिसतंय गं मला, अक्का!" मी वैतागून म्हणाले.

अक्काचं वाक्य अर्ध्यात तुटलं. आरशात तिचा चेहरा दिसला, चोरी पकडली गेलेल्या माणसाचा. शेजारी भावोजींनी हळूच मान मागे वळवली, पण तिच्याकडे नेमकं बघितलं की ती पुसली जाणार होती, म्हणून पुन्हा समोर वळवली. पूल चढून आम्ही मधोमध आलो तेव्हा ते बोलले.

"गौरी, हिला भंगारात घालू नको."

"पास झालीये बाबा. आता कोण घालतंय?"

"तरी ऐक. ती इथं बंद पडली नव्हती. मी बंद केली होती." त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "समोरची बस पुसून गेली. काहीच दिसेना. मी ब्रेक लावला, किल्ली काढली, आणि सगळ्यांना सांगितलं गाडी बंद पडली म्हणून. सहा महिने हिच्यावर आळ ठेवला. हिला तोंड नाही, म्हणून ठेवला."

दुधी एकसारखी चालत होती. मी हातातलं चाक घट्ट धरलं.

"कधीपासून दिसत नाही?" गौरीने विचारलं. प्रश्न वडिलांना होता. उत्तर अक्काने दिलं.

"दिवाळीपासून."

"तुला माहीत होतं?" हे गौरी आणि भावोजी एकाच वेळी म्हणाले.

"दिवाळीला देव्हाऱ्यात समई लावताना यांनी वात सोडून ताटाला काडी लावली. तेव्हाच कळलं. हे सांगेनात, मग मी कशी विचारू? गाडी तर सोडणार नाहीत. म्हणून मी बाजूला बसून बोलत राहायचे. रिक्षा कुठं, बस कुठं." अक्काचा आवाज फाटला. "त्या दिवशी उन्हानं माझा डोळा लागला. माझ्यामुळं झालं ते."

भावोजींनी डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला वाटायचं, वय झालं, कटकट करायली."

"शेहेचाळीस वर्षांत कधी केली होती का?" अक्काने विचारलं.

पूल उतरल्यावर गौरी म्हणाली, "मावशी, गाडी बाजूला घे." मी घेतली. ती उतरली आणि गाडीला पाठ करून दोन-तीन मिनिटं तशीच उभी राहिली. खांदे हलत होते. रागही असेल, त्या दिवशी पुलावर आई-बाबांचा जीव गेला असता तर हा विचारही असेल. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण अक्काने मागून माझा खांदा धरून ठेवला. मग ओढणीने तोंड पुसून गौरी माझ्या दारापाशी आली.

"तू मागे जा आईजवळ."

मी मागे गेले. ती स्टिअरिंगवर बसली. तिने आजवर बिनगिअरचीच गाडी चालवलेली. स्टिअरिंगला चिकटलेल्या त्या दांड्याकडे तिने परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"बाबा, यात फर्स्ट कुठे आहे?"

भावोजींनी उजवा हात पुढे केला. हवेत जरा चाचपडला, मग त्यांना तिची बोटं सापडली. त्यांनी तिचा हात दांड्यावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि दांडा पहिल्यात सरकवला.

"बघू नको," ते म्हणाले. "बोटांना कळतं."

गाडी एक हिसका देऊन निघाली. अक्काने पदराने डोळे टिपले, पुढे वाकली, आणि यावेळी मी तिला अडवलं नाही.

"डावीकडं रिक्षा आहे," ती म्हणाली. "हल्लू घे गं."